शर्टावरचं रक्त

८ सप्टेंबर २०१७, शुक्रवार. गुरुग्रामहून सोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर भोंडसी लागतं. तिथल्या एका मोठ्या खासगी शाळेच्या फाटकाशी सकाळी आठला काही मिनिटं कमी असताना एका वडिलांनी आपल्या दोन मुलांना सोडलं. थोरली मुलगी, धाकटा मुलगा. मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. थोड्याच वेळात शाळेतून फोन आला. तळमजल्यावरच्या स्वच्छतागृहापाशी मुलगा गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला होता. पाठीवर दप्तर घेऊन आत गेलेलं मूल वर्गापर्यंत पोचलंच नव्हतं.

या प्रकरणातल्या कुणाचंही नाव मी इथे लिहिणार नाही. पुढे जानेवारी २०१८ मध्ये गुरुग्रामच्या न्यायालयानेच खरी नावं छापायला मनाई केली आणि बोलण्यालिहिण्यापुरती वेगळी नावं ठरवून दिली. गेलेल्या मुलासाठी ‘प्रिन्स’, आणि नंतर ज्याच्यावर आरोप ठेवला गेला त्या अल्पवयीन मुलासाठी ‘भोलू’. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्राच्या मथळ्यातही ‘भोलू’ हेच नाव आहे. पण या गोष्टीत एक तिसरा माणूस आहे. त्याच्यासाठी कुणी टोपणनाव ठरवलं नाही. त्याचं खरं नाव, खरा चेहरा, त्याचं गाव, त्याचं घर हे सगळं पहिल्याच दिवशी देशभर दाखवून झालं होतं. हे लिखाण मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

तो शाळेच्या बसचा कंडक्टर होता. वय ४२, घरी बायको आणि मुलं. दिवस मावळायच्या आत पोलिसांनी त्याला अटक केली आणि गुन्ह्याची उकल झाली असं सांगितलं. पोलिसांची गोष्ट सरळ होती. कंडक्टर बसच्या हत्यारांच्या पेटीतली सुरी घेऊन स्वच्छतागृहात गेला, तिथे एकटा मुलगा दिसला, त्याने लैंगिक अत्याचाराचा प्रयत्न केला, मुलगा ओरडला, म्हणून गळा चिरला. पुरावा? त्याच्या शर्टावर रक्त होतं. शिवाय त्याने गुन्हा कबूलही केला होता, तोही वार्ताहरांच्या कॅमेऱ्यासमोर. आपली बुद्धी भ्रष्ट झाली होती, अशा अर्थाचं काहीतरी तो मान खाली घालून बोलला आणि ते दृश्य दिवसभर फिरत राहिलं.

मीही ते पाहिलं होतं. मला तेव्हा काडीचाही संशय आला नाही, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. सात वर्षांच्या मुलाचा फोटो एका बाजूला आणि कबुली देणारा माणूस दुसऱ्या बाजूला. अशा वेळी डोकं तपास करत नाही, पोट ढवळून निघतं आणि निकाल लागून जातो.

पुढचे दोन दिवस भोंडसीत जे उसळलं त्याला नुसता ‘जनक्षोभ’ म्हणणं अपुरं आहे. शनिवारी पालक शाळेपुढे जमले. रविवारी जमाव वाढला, शाळेजवळचं दारूचं दुकान पेटवून देण्यात आलं, पोलिसांनी लाठीमार केला, त्यात पत्रकारही जखमी झाले. हरयाणाच्या शिक्षणमंत्र्यांनी सात दिवसांत आरोपपत्र दाखल होईल असं जाहीर केलं. सोहना आणि गुरुग्राममधल्या वकिलांनी कंडक्टरचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं. शाळेचे विश्वस्त मुंबईचे. अटक टाळण्यासाठी ते मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि तिथे त्यांचा अर्ज फेटाळला गेला. पुढे पंजाब आणि हरयाणा उच्च न्यायालयाने त्यांना अटकपूर्व जामीन दिला. ‘केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळा’ने, म्हणजे सीबीएसईने, आठवड्याच्या आत देशभरच्या शाळांना परिपत्रक पाठवलं: चालक, वाहक, शिपाई, सफाई कामगार यांची पोलिसांकडून पडताळणी करा, त्यांची मानसिक चाचणी घ्या. गुन्हेगार कोणत्या वर्गातला असणार हे त्या आठवड्यात अख्ख्या देशाने ठरवून टाकलं होतं.

या गर्दीत दोन वेगवेगळे राग होते आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे वेगळे ओळखू येत नव्हते. एका रागाला माणूस हवा होता. तो मिळाला होता. आता त्याला लवकरात लवकर फासावर चढवा, एवढंच त्याचं मागणं. दुसरा राग मात्र याच अटकेवर होता. त्याचं म्हणणं असं की एवढ्या मोठ्या शाळेत, एवढ्या गजबजलेल्या वेळी, दहा-पंधरा मिनिटांत हे घडतं, आणि संध्याकाळपर्यंत सगळी जबाबदारी बसमधल्या एका गरीब माणसावर टाकून तुम्ही फाइल बांधायला घेता? शाळेच्या कुंपणाची भिंत पडकी होती, कॅमेरे धड चालत नव्हते, बसचे कर्मचारी आणि मुलं एकच स्वच्छतागृह वापरत होती, हे जिल्हा प्रशासनाच्या चौकशीत बाहेर आलं. त्याचं उत्तर कोण देणार?

हा दुसरा राग सर्वांत ठामपणे धरून ठेवणारा माणूस कोण होता? मुलाचे वडील. ज्यांचं मूल गेलं, ज्यांनी कंडक्टरचा गळा धरला असता तरी जगाने समजून घेतलं असतं, ते पहिल्यापासून म्हणत होते की पोलिसांची ही गोष्ट आम्हाला पटत नाही, सीबीआयकडून तपास करा. ११ सप्टेंबरला, म्हणजे मुलगा गेल्याच्या चौथ्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिकेवर नोटीस काढली. चार दिवसांत घरात काय परिस्थिती असते हे ज्यांनी लहान मूल गमावलं आहे त्यांनाच कळेल. अशा घरातून उठून एका बापाने समोर आणून उभा केलेला आरोपी नाकारला आणि खरा कोण ते शोधा म्हणून न्यायालयाचं दार ठोठावलं. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट.

सरकारने तपास सीबीआयकडे द्यायचं ठरवलं आणि २२ सप्टेंबरला सीबीआयने गुन्हा नोंदवून घेतला.

मधल्या दिवसांत पोलिसांच्या गोष्टीचे टाके उसवू लागले होते. शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराची कोणतीही खूण मिळाली नाही. मग कंडक्टरचा हेतूच उरत नव्हता. बसच्या चालकाने सांगितलं की हत्यारांच्या पेटीत सुरी नव्हतीच. राहिलं शर्टावरचं रक्त. ते खरंच त्या मुलाचं होतं. फक्त ते तिथे आलं कसं, हे पोलिसांनी विचारायला हवं होतं. मुलगा सापडल्यावर तिथे एकच गोंधळ उडाला, शिक्षक धावले, आणि मुलाला उचलून गाडीत ठेवायला हात हवे होते. समोर दिसला तो कंडक्टर. त्याला बोलावलं गेलं. त्याने मुलाला उचललं. मुलाला रुग्णालयात न्यायला मदत करताना जे रक्त शर्टाला लागलं, तेच संध्याकाळी त्याच्याविरुद्धचा मुद्देमाल झालं.

इथे जरा थांबून कबुलीजबाबाबद्दल बोलायला हवं. कारण ‘त्याने स्वतःच कबूल केलं’ या वाक्यापुढे सामान्य माणूस निरुत्तर होतो. न केलेला खून कोण कबूल करील?

आपल्या कायद्याला हा प्रश्न दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे आणि त्याचं उत्तरही त्याने तेव्हाच देऊन ठेवलं आहे. १८५४ मध्ये मद्रास इलाख्यात एक चौकशी आयोग नेमला गेला होता. महसूल गोळा करताना आणि गुन्ह्यांचा तपास करताना सरकारी माणसं लोकांचा छळ करतात का, हे त्याला पाहायचं होतं. त्याने जे नोंदवलं ते भयंकर होतं. त्यानंतर १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत नियम आला की पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालणार नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात तोच नियम कलम २५ म्हणून गेला. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमात तो कलम २३ मध्ये आहे. राज्य बदललं, घटना आली, कायद्यांची नावं बदलली, पण हा अविश्वास कुणी पुसला नाही. पुरावा कायद्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे लिहून ठेवलं आहे की पोलीस छळ करतात त्यामागे बराचसा आळस असतो. भर उन्हात पुरावे शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कुणाच्या तरी डोळ्यांत तिखट घालणं सोपं, असं त्यांना हिंदुस्थानातल्याच एका अनुभवी अधिकाऱ्याकडून समजलं होतं.

म्हणजे पोलीस ठाण्यात, पोलिसांच्या गराड्यात, कॅमेऱ्यापुढे दिलेल्या कबुलीला न्यायालयात किंमत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर, पोलीस बाहेर असताना, ‘तू हे बोलायला बांधील नाहीस’ असं समजावून सांगितल्यावर दिलेली कबुली वेगळी. पोलिसांपुढच्या कबुलीच्या नियमाला एक फट मात्र आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधापुरतं त्याचं बोलणं ग्राह्य धरतात. म्हणूनच आपल्याकडच्या तपासात ‘आरोपीने सुरी काढून दिली’ असे पंचनामे इतके दिसतात. फौजदारी वकील हे पंचनामे वाचताना आधी पंच कोण होते ते पाहतात.

पण न्यायालयात न चालणारी कबुली चौकात मात्र चालते. टीव्हीच्या पडद्यावर पुरावा कायदा लागू नसतो. कंडक्टरची कबुली न्यायाधीशांसाठी नव्हतीच, ती आपल्यासाठी होती. बाहेर जमाव उभा आहे, मंत्री मुदत देऊन मोकळे झाले आहेत, वरिष्ठांचे फोन येत आहेत. अशा वेळी ठाण्यातल्या अधिकाऱ्याला सर्वांत आधी लागतो तो एक चेहरा. आपल्या रागाची घाई त्या खोलीपर्यंत पोचते आणि तिथे एखाद्याच्या अंगावर उतरते. सुटून आल्यावर कंडक्टरने सांगितलं की आपल्याला मारहाण झाली, गुंगीचं औषध दिलं गेलं, आणि हे सगळं थांबावं म्हणून आपण सांगितलं ते बोललो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९७५ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागात अकरा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. रॉचडेल गावचा, कर खात्यात काम करणारा एक लाजाळू कारकून पोलिसांनी धरला. आईबरोबर राहणारा, अंगाने थोराड, मनाने भोळा. तीन दिवसांच्या चौकशीत, वकील सोबत नसताना, त्याने कबुली दिली. हे कबूल केलं की आपल्याला घरी आईकडे जाऊ देतील अशी त्याची समजूत होती. मुलीच्या कपड्यांवर सापडलेल्या वीर्यात शुक्रजंतू होते आणि या माणसाच्या शरीरात शुक्रजंतू तयारच होत नव्हते. तो गुन्हेगार असणं शरीरशास्त्रानेच अशक्य होतं. हा पुरावा ज्युरीपुढे आला नाही. १९७६ मध्ये जन्मठेप झाली. तुरुंगात बालहत्येच्या कैद्याला इतर कैदी कसं वागवतात ते वेगळं सांगायला नको. त्याची आई मात्र सोळा वर्षं दारोदार फिरत राहिली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. १९९३ च्या डिसेंबरात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, तो गेला. काही महिन्यांनी आईही गेली. खरा खुनी २००७ मध्ये डीएनएच्या आधारे दोषी ठरला. म्हणजे खून झाल्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ तो मोकळा फिरत होता, आणि त्यातली पहिली सोळा वर्षं तो मोकळा होता याचं कारण दुसरा आत होता.

चुकीच्या अटकेचा हा अर्थ क्वचितच कुणाच्या लक्षात येतो. निरपराध माणसावर अन्याय होतो हे तर खरंच. पण ज्याने मूल मारलं त्याला त्या दिवसापासून कुणी शोधत नाही.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं असेल तर नाशिकचं आहे. २००३ च्या जूनमध्ये नाशिकजवळच्या शिवारात एका झोपडीवर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, त्यांत मुलंही होती, आणि अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाला. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडण्यात आलं. कनिष्ठ न्यायालयाने फाशी दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांसाठी फाशीच योग्य ठरवली. त्याच सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी पुन्हा सुनावणी करून सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या आईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून दुसऱ्याच चार माणसांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली. त्यांतली कित्येक फाशीच्या छायेत. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सांगितले. भटक्या-विमुक्तांच्या पालावर पोलिसांची गाडी का थांबते हे महाराष्ट्रात नवं सांगायला नको. गुरुग्राममध्ये कंडक्टर, नाशिकमध्ये भटका. संशय नेहमी उताराच्या दिशेने वाहतो.

पुन्हा गुरुग्रामला येऊ. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात देशाला दुसरा धक्का बसला. सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या, सोळा वर्षांच्या एका मुलाला ताब्यात घेतलं. सीबीआयचं म्हणणं होतं की परीक्षा आणि पालकसभा पुढे ढकलली जावी म्हणून या मुलाने खून केला. मुलगा सापडल्याचं शाळेत सर्वांत आधी सांगणाऱ्यांत तोच होता. सीबीआयचा भर स्वच्छतागृहाबाहेरच्या कॅमेऱ्यातल्या चित्रणावर होता. पडताळणी आणि मानसिक चाचणीचं परिपत्रक ज्यांच्यासाठी निघालं होतं त्यांच्यात तो मुलगा बसत नव्हता. तो गणवेशातला विद्यार्थी होता.

कंडक्टरविरुद्ध काही सापडलं नाही असं सीबीआयने सांगितलं. २१ नोव्हेंबरला त्याला ५० हजारांच्या जातमुचलक्यावर जामीन मिळाला, दुसऱ्या दिवशी तो तुरुंगाबाहेर आला. तो तुरुंगही भोंडसीतच, शाळेपासून फार लांब नाही. ७५ दिवस तो आत होता. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने त्याला दोषमुक्त केलं. या शब्दात थोडी गफलत होते म्हणून सांगतो. खटला पूर्ण चालून पुरावा कमी पडला तर माणूस ‘निर्दोष सुटतो’. ‘दोषमुक्त’ होणं त्याच्या अलीकडचं आहे. त्याच्यावर खटला चालवण्याइतकंही काही नाही, असा त्याचा अर्थ. ज्या माणसासाठी सात दिवसांत आरोपपत्र आणि लगोलग फाशी मागितली जात होती, त्याच्यावर आरोप ठेवण्याजोगंही काही नव्हतं.

आणि जमावाचं काय झालं? राग तसाच उचलून नव्या आरोपीवर ठेवला गेला. आता सोळा वर्षांच्या मुलाला फाशी द्या, अशी भाषा सुरू झाली. या मुलाच्या घरच्यांनीही पुढे म्हटलं की सीबीआयपुढची त्याची कबुली दबावाखाली घेतली गेली. ज्या कसोटीवर आपण कंडक्टरची कबुली नाकारतो ती याच्यासाठी बदलता येत नाही. सीबीआय मोठी यंत्रणा आहे म्हणून तिच्यापुढची कबुली अधिक खरी ठरत नाही. पुरावा कायद्याला दोन्ही सारखेच पोलीस.

कायद्याच्या भाषेत असा मुलगा आरोपीही नसतो. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा शब्द आहे. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर बाल न्याय कायदा बदलला आणि जानेवारी २०१६ पासून सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी एक नवी पायरी आली. गुन्हा अतिगंभीर असेल तर बाल न्याय मंडळाने आधी तपासायचं की मुलाची शारीरिक आणि मानसिक क्षमता काय, त्याला परिणामांची समज होती का, घटना कोणत्या परिस्थितीत घडली. त्यावरून त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा की नाही हे ठरतं. प्रौढ म्हणून खटला चालला तरी त्याला फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही देता येत नाही. ‘फाशी द्या’चे फलक कायद्यात नसलेली गोष्ट मागत होते.

डिसेंबर २०१७ मध्ये मंडळाने भोलूवर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा असं ठरवलं. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तो निर्णय रद्द करून पुन्हा नीट तपासणी करायला सांगितलं. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ जुलै २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचं म्हणणं उचलून धरलं. त्यातलं एक सूत्र महत्त्वाचं आहे. मुलाची बुद्धी मोजणं आणि त्याला परिणामांची समज होती का हे ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणं मंडळाच्या मर्जीवर नाही, ती घ्यावीच लागेल. पुढे मंडळाने पुन्हा तोच निर्णय दिला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भोलूला जामीन दिला. ताब्यात घेतलं तेव्हा सोळा वर्षांचा असलेला मुलगा जामिनावर बाहेर आला तेव्हा एकवीस वर्षांचा झाला होता. कोणत्या न्यायालयात खटला चालवायचा या एका प्रश्नात पाच वर्षं गेली.

या विलंबाने लोक चिडतात आणि ते चिडणं रास्त आहे. ‘झटपट न्याय’ हवा असं वाटायला इथूनच सुरुवात होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, तेव्हा तक्रार नोंदवून घ्यायला पालकांना ताटकळत ठेवलं गेलं आणि हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. तो राग मी पूर्णपणे योग्य मानतो. पण महिन्याभराने, पकडलेला आरोपी पोलिसांच्या गाडीतच गोळी लागून मेला आणि काही ठिकाणी पेढे वाटले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पाच पोलिसांना त्या मृत्यूसाठी जबाबदार धरलं. ज्याच्यावर खटला चालून, साक्षीपुरावे होऊन, न्यायाधीशाने निकाल सांगायचा, तो खटलाच त्याच्यापुरता संपला. त्या मुलींच्या आईबापांना निकालपत्र मिळायला हवं होतं. त्यांच्या हातात बातमी आली.

गुरुग्रामच्या प्रकरणातला आणखी एक धागा उरतो. जानेवारी २०२१ मध्ये सीबीआयने हरयाणा पोलिसांतल्या चौघांवर पुरवणी आरोपपत्र दाखल केलं. त्यांत एक सहायक पोलीस आयुक्त दर्जाचा अधिकारी होता. निरपराध कंडक्टरला अडकवण्यासाठी खोटे पुरावे तयार केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. अर्थात हाही आरोपच, आणि त्या चौघांनाही तीच कसोटी लागू. पण पहिल्या अटकेच्या वेळी जसे लोक रस्त्यावर आले होते तसे या आरोपपत्राच्या दिवशी कुणी आले नाहीत.

शेवटी वकिलांविषयी. त्या सप्टेंबरात कंडक्टरचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही असं जे ठरलं, ते भावनेच्या भरात ठरलं हे समजू शकतं. पण ते बेकायदेशीर होतं. डिसेंबर २०१० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात निकाल दिला होता की आरोपी कितीही तिरस्कारणीय वाटो, त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे वकील संघटनांचे ठराव घटनेच्या आणि वकिली पेशाच्या नीतीच्या विरुद्ध आहेत आणि ते रद्दबातल समजावेत. कंडक्टरला पुढे वकील मिळाला. त्याच्या बाजूने सर्वांत आधी उभी राहिली ती त्याच्या गावातली माणसं. पैसे त्यांनीच गोळा केले.

असं गाव प्रत्येकाला मिळेलच असं नाही. म्हणून हे लिहून ठेवा. अटक झालेल्या कोणत्याही माणसाला, आरोप बालहत्येचा असला तरी, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं आणि आपल्या पसंतीच्या वकिलाशी बोलू द्यावं लागतं. वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळतो. प्रत्येक तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा फोन क्रमांक १५१०० आहे.